माल विकला की मेला

सुमनअक्काला तोंडावर आम्ही सगळे अहोजाहो करायचो. माघारी ती सगळ्यांची 'ती'च होती. इथंही मी तिला अहोजाहो करणार नाही. केलं तर ती होती त्यापेक्षा मवाळ वाटेल.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या भट्ट्यांच्या मागच्या रांगेत तिचा कारखाना होता. तिथं विजेवर चालणाऱ्या पितळी समया आणि धूपदाण्या बनायच्या. समईत वातीच्या जागी ज्योतीसारखा हलणारा दिवा, धूपदाणीत खाली तापणारी तबकडी. परदेशातल्या भारतीय घरांत तेल सांडायची भीती, धुराची भीती, त्यामुळं हा माल तिकडं बरा खपायचा. तो तिकडं धाडायची कागदपत्रं मी करायची. माझं नाव वंदना. अक्का मला 'कारकुनीण' म्हणायची आणि कारखान्यातल्या नव्या बायांना वाटायचं, ते माझं आडनावच आहे.

अक्काला केबिन होती, पण ती तिथं बसत नसे. दारातच, जिथं तयार माल तपासला जायचा त्या टेबलापाशी तिची लाकडी खुर्ची असायची. समोर मोसंब्यांची टोपली. रजा मागायला, उचल मागायला, माफी मागायला कोणी आलं की ती एक मोसंबी उचलायची. साल काढायची. मग फोडी सुट्या करायची. मग प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा नखानं ओढून काढायची. समोरचा बोलत राहायचा. ती मान वर करायची नाही. शेवटची फोड तोंडात गेली की हात पुसायची आणि म्हणायची, "झालं का तुझं? मंग जाय कामाला." कोणाला तिनं कधी फोड दिली नाही. आवाजही कधी चढवला नाही. ओरडणाऱ्या माणसाला निदान दम तरी लागतो.

तिचं माहेर भोकरदनकडं, धावड्याचं. नवऱ्याचं पंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचं दुकान होतं. तो गेला तेव्हा तेरावं व्हायच्या आधी दिरांनी दुकानाला कुलूप घातलं. अक्कानं पांढऱ्या लुगड्यात जाऊन रस्त्यावरच्या दगडानं ते फोडलं आणि आत बसून संध्याकाळपर्यंत एका गिऱ्हाइकाची मोटार भरून दिली. हे ती स्वतः कधी सांगायची नाही. जालन्यातले जुने लोक सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर कौतुक असायचं. ते कौतुक मला पहिली काही वर्षं पुरलं.

खोटं कशाला बोलू, तिनं बायांना काम दिलं. टाकलेल्या, विधवा, कुठं कोणी उभं करत नाही अशा बायांना. पगार ठरल्या दिवशी, बराबर. एकीचा दारुडा नवरा फाटकाशी आला आणि तिला केसाला धरून ओढायला लागला, तेव्हा अक्का उठून गेली आणि त्याला म्हणाली, "हिला आत्ता सोड. कामाची वेळ माझी हाय. मारायचं ते घरी मार." तो गेला. ती बाई परत टेबलाशी आली आणि समयांचे पाय घट्ट करायला लागली. तिला वाचवलं म्हणायचं की काय म्हणायचं, ते आम्हाला कोणालाच कळलं नाही.

कौसाबाई माल तपासायच्या टेबलावर होती. धूपदाणीची तबकडी तापते की नाही ते बघताना एकदा तिची दोन बोटं चिकटली आणि कातडी निघून आली. त्याच आठवड्यात तिकडच्या दुकानांना माल पुरवणारा एक व्यापारी कारखाना बघायला आला. त्यानं धूपदाणी हातात घेऊन विचारलं, "जल्दी तापते का?" अक्का म्हणाली, "कौसा, इकडं ये. पट्टी काढ." कौसाबाईनं पट्टी काढली. अक्कानं तिचं मनगट धरून ती बोटं त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाली, "बघा. कागदावर काय लिहिलंय ते सोडा." त्या माणसानं तोंड फिरवलं, पण मालाची मागणी नोंदवून गेला. तो गेल्यावर अक्का कौसाबाईला म्हणाली, "तुझ्या हातानं धंदा झाला आज," आणि तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. भरपगारी.

आणि प्रशांत. अक्काचा एकुलता एक मुलगा. मवाळ, उंच, खांदे पडलेले. इंजिनियरिंगला असताना एका विषयात नापास झाला, तेव्हाची गोष्ट मला कौसाबाईनंच सांगितली. तपासणीच्या टेबलावर खराब मालावर मारायचा एक लाल शिक्का असतो, 'रिजेक्ट'. अक्कानं निकाल ऐकला, शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर मारला. "घरी जायचं न्हाई. बदलायचा न्हाई. माल मोजायला बस." तो दिवसभर तो शर्ट घालून बायांमध्ये बसला. पुढं तो पास झाला, शिकायला जर्मनीत गेला, तिथंच नोकरीला लागला, लग्न केलं. पण कारखान्यात त्याचं नाव रिजेक्टच राहिलं. फोन आला की अक्का माझ्याकडं बघून म्हणायची, "घे, रिजेक्टचा फोन."

मग नोंदणीचा विषय आला.

आमचा माल ज्या ऑनलाइन बाजारातून जर्मनीत विकला जायचा, त्यांनी एक दिवस कळवलं की नोंदणी क्रमांक द्या, नाहीतर विक्री बंद. अक्कानं छत्रपती संभाजीनगरहून एक सल्लागार बोलावला. पन्नाशीचे गृहस्थ, घामेजलेले, हातात जुनी बॅग. त्यांनी दुपारभर समजावून सांगितलं. तिकडं विजेची वस्तू विकायची तर आधी सरकारदरबारी नोंदणी लागते. कोणत्या ब्रँडची, कोणत्या प्रकारची वस्तू, ते त्यात लिहिलेलं असतं. मग वेळोवेळी सांगायचं, किती किलो माल त्या देशात उतरवला. वस्तूवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र छापायचं. आणि वस्तू मोडीत निघाली की तिची विल्हेवाट लावायचा खर्च विकणाऱ्याच्या माथी.

अक्का मोसंबी सोलत होती. "म्हंजे विकलेला माल मेला की त्याचं मढं मी उचलायचं?"

"तसंच समजा, मॅडम. ज्यानं बनवलं, जबाबदारी त्याची."

"माझ्याकडं माल विकला की मेला. मढं उचलायला मी जर्मनीला जाऊ?"

"तुम्हाला जावं लागत नाही. तिथं राहणारा एक अधिकृत प्रतिनिधी नेमायचा. नोंदणी तोच करतो, हिशेब तोच देतो. काही चुकलं तर तिथलं सरकार आधी त्यालाच धरतं. हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. दरवर्षी फी घेतात."

"त्यालाच धरतं?" अक्कानं विचारलं. त्या दुपारी तिनं मान वर केली ती तेवढ्या एकाच वेळी.

"हो. सही त्याची असते ना."

मग तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं. "येवढा कायदा कळतो साहेब तुमाला, मंग बूट का फाटका?" ते गृहस्थ हसायचा प्रयत्न करत राहिले. चहासुद्धा न देता तिनं त्यांना वाटेला लावलं, भर उन्हात, आणि फाटक लागायच्या आत मला म्हणाली, "घरात माणूस असताना भाड्याचा कशाला? लाव रिजेक्टला फोन."

त्या दिवशी मात्र फोनवर ती त्याला रिजेक्ट म्हणाली नाही. "पशा," ती म्हणाली, "तू माझा माणूस हायेस का तिथल्यांचा?"

पलीकडून आलं, "तुझाच, आई."

"मंग वंदना कागद धाडून राह्यली, त्याच्यावर सही कर."

संध्याकाळी त्याचा मला वेगळा फोन आला. कागदांबद्दल काही विचारेल म्हणून मी फाईल उघडली. तो म्हणाला, "वंदनाताई, आई मला 'माझा माणूस' म्हणाली. ऐकलं ना तुम्ही?" तिशी ओलांडलेला, दोन देशांत शिकलेला माणूस. आवाज मात्र शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोराचा.

त्यानं काम नीट केलं. समईची नोंदणी झाली, क्रमांक आला, विक्री सुरू राहिली. दर महिन्याला तो माझ्याकडून वजनाचे आकडे घ्यायचा आणि तिकडं भरायचा. समईच्या बुडाशी फुलीवाल्या कचरापेटीचं चित्र आलं. अक्का ते बघून म्हणाली, "देवाच्या दिव्याखाली उकिरडा," पण छापलं.

धूपदाणी मात्र नोंदलेली नव्हती. ती तापवायची वस्तू, प्रकार वेगळा आणि ब्रँडचं नावही वेगळं. त्यासाठी परत नोंदणी, परत खर्चा. तोपर्यंत ती जर्मनीत जात नव्हती, इतर देशांत जायची. एका दिवाळीच्या आधी जर्मनीतल्या एका व्यापाऱ्यानं धूपदाण्या मागितल्या. अक्कानं सांगितलं, समईच्या खोक्यांतच भरा.

मी म्हटलं, "अक्का, याची नोंदणी न्हाई तिकडं. प्रशांतला विचारते."

"त्याला बिलकुल सांगायचं न्हाई. तुला पगार कागद करायचा भेटतो का तोंड चालवायचा?"

माल गेला. दिवाळीत खपला. मग परत गेला, परत खपला. आणि तिथल्याच कोण्या धूपदाण्या विकणाऱ्यानं तक्रार केली. तिकडं हे सर्रास चालतं म्हणे. आपण नियम पाळायचे आणि शेजाऱ्यानं का पाळू नयेत, असं त्यांना वाटतं. सरकारची नोटीस आली ती प्रशांतच्या दारात.

त्याचा फोन आला तेव्हा अक्का टेबलाशी होती. तिनं मला सांगितलं, "मोठ्यानं लाव, हात चिकट हायेत." त्यामुळं सगळ्या बायांनी ऐकलं.

"आई, धूपदाण्या कधी पाठवल्या तुम्ही?"

"दिवाळीच्या टायमाला."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर पाठवू दिल्या असत्यास का?"

एका बाईचा स्क्रू खाली पडला आणि फरशीवर घरंगळत गेला, तो आवाज मला अजून आठवतो.

"आई, दंड माझ्या नावानं आलाय. आम्ही घरासाठी साठवलेलं सगळं जाईल त्यात."

"सही कोणाची हाय?"

"माझी."

"मंग?" अक्कानं फोडीवरचा दोरा ओढला. "कारकुनीण, बंद कर ते."

दंड त्यानं भरला. नोंदणी रद्द झाली, ऑनलाइन बाजारानं आमचं दुकान बंद केलं, आणि न खपलेला माल खोक्यांच्या खोक्यांनी जालन्याला परत आला. अक्कानं तो मागच्या अंगणात उतरवून घेतला. भाव विचारून ठेवला होता. पितळ वेगळं केलं की मोडीत चांगलं जातं. वायरी, प्लग, आतल्या छोट्या पट्ट्या यांना भाव नव्हता. त्या मागच्या नाल्यात जाळायच्या ठरल्या.

त्याच सुमारास प्रशांत आला. कळवून आला नाही. पाठीला सॅक, डोळ्यांखाली काळं. त्याला एकच गोष्ट हवी होती. तिकडं अजून चौकशी संपली नव्हती. ठरवून फसवलं असं निघालं तर त्याचा कायम राहायचा परवाना अडणार होता, नोकरीवरही येणार होतं. कंपनीनं एवढंच लिहून द्यायचं होतं की धूपदाण्या प्रतिनिधीला न सांगता पाठवल्या. खरं तेच.

अक्का म्हणाली, "देते. आधी ते मागचं आवर. मानसं कमी हायेत."

तो अंगणात जाऊन बसला. बायांच्या रांगेत, पोत्यावर. समया उलटायच्या, बूड फोडायचं, वायर ओढायची, पितळ एका ढिगाला, बाकी दुसऱ्या. पहिल्या दिवशी त्याची बोटं कापली. दुसऱ्या दिवशी कौसाबाईनं त्याला कापड गुंडाळायला शिकवलं. दुपारी नाल्याकडून जळक्या प्लास्टिकचा धूर यायचा, सगळ्यांचे घसे धरायचे. अक्का दारातल्या खुर्चीतून बघायची. रोज संध्याकाळी तो हात धुऊन तिच्यासमोर उभा राहायचा आणि रोज ती म्हणायची, "अजून हाय ना ढीग?" तो मान हलवायचा. मला वाटतं, त्या दिवसांत तो थोडा आनंदीही होता. आई आपल्याकडून काम करून घेते आहे, म्हणजे शेवटी देईल, असा त्याचा हिशेब असावा.

ढीग संपला. अंगण झाडून झालं. तो तिच्यासमोर आला. बाया डबे धूत होत्या.

"आई, ते लिहून दे आता."

"न्हाई देत," अक्का म्हणाली.

"तू म्हणाली होतीस."

"म्हनले व्हते. मी लिहून दिलं की चूक कोणाची? कंपनीची. उद्या दुसऱ्या देशात माल धाडायचा तर ते पहिलं हेच बघतील. तू शिकलेला हायेस, तुझी एक नोकरी गेली तर दुसरी भेटंल. इथं चाळीस बायांची चूल हाय. कोणाकडं बघू? तुझ्याकडं का यांच्याकडं?"

ती ते सोंग म्हणून बोलली नव्हती. खरंच तसं मानत होती. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. प्रशांतनं आमच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं, जणू आम्हीच मत द्यायचं होतं. आम्ही डब्यांकडं बघितलं.

कौसाबाई तेवढी उठली. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "अक्का, आमच्या चुलीत सोताचं लेकरू घाला असं आमी म्हनलं व्हतं का तुमाला?"

अक्कानं तिच्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. पहिल्यांदा बघत असल्यासारखं.

"तुझी चूल उद्यापासून कमी," ती म्हणाली. "एकोणचाळीस झाल्या."

कौसाबाई डबा घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई आली. ती पटापट काम करायची, आणि अक्का म्हणायची, आधीच हिला ठेवायला पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात मला संभाजीनगरला एका औषधांच्या कंपनीत जागा मिळाली. निघताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, अक्कानं मला विचारलं, "तू इथलीच का?" मी म्हटलं, "इथलीच, अक्का. बुद्धविहाराच्या मागची." ती म्हणाली, "बरं," आणि हिशेब चुकता केला.

ज्या सकाळी मी जायला निघाले, त्या सकाळच्या गाडीला प्रशांतही होता. मुंबईला जाऊन पुढं विमान. फलाटावर अक्का त्याला सोडायला आली होती, हे बघून मी आधी थबकलेच. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, समोर रुळांकडं बघत उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, परत न्हाई यायचो आता." तो ते मला सांगत नव्हता. अक्का ऐकत होती. तिनं पदर दुसऱ्या खांद्यावर घेतला, एवढंच.

गाडी आली. तो तिच्या पाया पडायला वाकला. अक्का एक पाऊल मागं सरकली. त्याचे हात फरशीवर पडले. तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला, मग फरशीला लागलेले तेच हात त्यानं कपाळाला लावले आणि उभा राहिला.

"वाकत बसू नको," ती म्हणाली. "गाडी सुटंल."

आम्ही चढलो. आमच्या जागा समोरासमोर होत्या. माझी खिडकीला, फलाटाच्या बाजूची. गाडी हलायच्या आधीच अक्का वळली आणि चालायला लागली, गाडी ज्या दिशेला जाणार होती त्याच दिशेला. ताठ, झपाझप, खाली बघत. गाडी सुटली. एकेक खिडकी तिला मागं टाकत जाऊ लागली, मग आमची आली. तिच्या डोक्यावरचे विरळ केस दिसले, कानातली बुगडी दिसली. तिनं वर बघितलं नाही.

"गेली का आई?" प्रशांतनं विचारलं. तो मांडीवरच्या सॅकचा बंद चाचपत होता.

मी गजांना तोंड लावून मागं बघितलं. बाहेर जायचं फाटक कधीच तिच्या मागं राहिलं होतं. लोक त्या बाजूला वळत होते, हमाल वळत होते. तिच्या पुढं फलाटावर कोणी नव्हतं, आणि सुमनअक्का अजून तिकडंच चालली होती, जिथं छप्पर संपतं, फरशी संपते आणि नुसती खडी सुरू होते.